निरंक

तहसीलच्या लिंबाखाली माझं टेबल.
एकवीस वर्षं इथंच बडवतो मशीन :
वारस, फेरफार, रेशन,
नाव लावणे, नाव कमी करणे.
मशीनचा झ अर्धाच उठतो.
झचं काम तसंही फार पडत नाही.

मग भिंतीवर नोटीस लागली.
मौजे धावडदरा, गट नंबर सत्त्याऐंशी,
बहात्तर हेक्टर, शासकीय, लिलावाने विक्री.
जमिनीचा प्रकार : पडीक.
झाडे : निरंक.
हरकत असल्यास पंधरा दिवसांत, लेखी.

निरंक.
हजारदा टाइप केलाय हा शब्द.
बोजा निरंक, थकबाकी निरंक.
बरा वाटायचा,
घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा.

तिसऱ्या दिवशी कुशिवर्ता तिडके आली,
डोक्यावरची पाटी टेबलावर ठेवली.
डोळे उघडलेली सीताफळं, दोन फुटलेली.
म्हणाली, हे निरंकातलं हाय.
आधी खा, मग लिव्हा.

तांड्यावरचा सोमला आडे विसांनी मोजत आला :
कड्याखालचे धावडे सात ईसा आन् चार,
सालई मोजली न्हाई, ती पल्याड उतरती.
पुरावा काय जोडू, विचारलं,
तर धोतर वर करून गुडघा दाखवला :
खैराचा काटा, सात वर्षांचा असताना गेलेला,
आजून आत हाय.

एकजण अंधार पडल्यावर आला.
तितर किती, ते मला इचारा, म्हणाला.
नाव नका लिव्हू,
काही झालं की पोलीस पयले माझ्याच पालावर येतेत.
पण आकडा लिव्हा.
मी आकडा लिहिला.

सरपंचाचा पुतण्याही आला.
कंपनी आली तर चार वॉचमन तरी लागतील,
आमची हरकत नाही, असं लिहा.
त्याचंही लिहिलं.
वीस रुपये त्याचेच तेवढे घेतले.

रहमत अत्तारांनी प्लास्टिकच्या पिशवीतून
निजामाच्या वेळचा कागद काढला,
घडीवर फाटलेला.
उजवीकडून डावीकडं बोट फिरवत थांबले :
यहाँ लिखा है, महफूज.
म्हणजे?
जपून ठेवलेलं.
मग चष्मा काढून म्हणाले,
कुणासाठी, ते काही लिहिलेलं नाही.

बाराव्या दिवशी मी स्वतः वर गेलो.
चोपन्न वर्षं हा डोंगर बघतोय
एसटी स्टँडच्या पत्र्यांवरची निळी रेघ म्हणून.
कुशिवर्ता पुढं, अनवाणी,
मी मागं, सँडलमध्ये खडे.
ती नावं सांगत होती : हेंकळ, टेंभुर्णी, आपटा,
ही आवळी माझ्या लेकीएवढी,
इथं खोकडीची पिलं असतेत, हळू बोला.
वही काढायची राहूनच गेली,
मला धाप लागलेली.

चौदाव्या दिवशी झ तुटला.
एवढा कधी वाजलाच नव्हता बिचारा.
झाड, झुडूप, झरा, झाड, झाड.
शेवटच्या साठ अर्जांत
झ मी पेनानं घातलाय.

आवक खिडकीतल्या पोरानं शिक्के मारले,
अकराशे सत्त्याऐंशीपासून सुरू.
त्याचा हात दुखला, मध्येच चहा पिऊन आला.
सुनावणीची तारीख विचारली तर
वर बोट केलं. पंख्याकडं की साहेबांकडं,
कळलं नाही.

मग परत येऊन माझा अर्ज घेतला,
चारशे बारावा.
अर्जदाराचा सदर जमिनीशी संबंध –
चारशे अकरा जणांचा हा रकाना
त्यांना विचारून मी भरलाय.
माझी जमीन नाही, शेळी नाही,
सीताफळं मी विकत खातो.
बोट निरंककडं जात होतं,
सवयीनं.

खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती.
मी टाइप केलं :
सदर अर्जदार चढावर दमला असता
सदर गटातील एका धावड्याच्या झाडास धरून
अंदाजे पाच मिनिटे उभा होता.

झ पेनानं.